ठेका कोणाच्या हाती? : अरेंजर कीबोर्ड, वर्कस्टेशन सिंथेसायझर आणि मराठवाड्यातील साथसंगतीचे भवितव्य

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत महाराष्ट्रातील सुगम संगीत, भक्तिसंगीत आणि लोकगायन यांच्या साथसंगतीत जे बदल घडून आले, त्यांत इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा प्रवेश हा अत्यंत दूरगामी बदल होय. मराठी बोलीत ‘कॅसिओ’ हा शब्द एका जपानी कंपनीचे नाव न राहता वाद्याचे सामान्यनाम बनला, यावरूनच या प्रवेशाची व्याप्ती ध्यानात येते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि एकूण मराठवाड्यात भीमगीतांच्या गायन पार्ट्या, कव्वालीचे सामने, भजनी मंडळे, नवरात्रातील देवीची गीते आणि लग्नसराईतील वाद्यवृंद या सर्वांच्या मंचावर हे वाद्य आज गृहीत धरले जाते.

या वाद्याचे दोन मुख्य प्रकार आहेत : अरेंजर कीबोर्ड आणि वर्कस्टेशन सिंथेसायझर. यांपैकी कोणता प्रकार टिकेल, याची चर्चा वादकवर्गात सातत्याने होते. परंतु ही चर्चा बहुधा किंमत, नादाची गुणवत्ता आणि ‘हौशी विरुद्ध व्यावसायिक’ या भेदापाशी थांबते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे वेगळ्या दिशेने पाहावयाचे आहे. साथीचा ठेका, त्याची लय आणि त्याला जोडून येणारे स्वर यांचा निर्णय कोण घेतो, या कसोटीवर दोन्ही वाद्यप्रकारांचे मूल्यमापन करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

संज्ञाविचार

अरेंजर कीबोर्डमध्ये साथीचे तयार नमुने साठविलेले असतात. त्यांना ‘स्टाइल’ म्हणतात. एका स्टाइलमध्ये आरंभ, तीन-चार मुख्य प्रकार, मधले भरणे आणि समाप्ती असे भाग असतात. वादकाने डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे स्वरसंघात, धरला की तालवाद्ये, बास आणि पूरक स्वरवाद्ये त्या कॉर्डला अनुसरून आपोआप वाजू लागतात. उजवा हात चाल वाजविण्यास मोकळा राहतो. वर्कस्टेशनमध्ये अशी तयार साथ मुख्य नसते. नाद घडविण्याची यंत्रणा, नमुनानाद साठविण्याची सोय आणि अनेक पदरांत संगीत नोंदविणारा सीक्वेन्सर ही तिची मुख्य अंगे होत. वादकाने एकेक पदर स्वतः वाजवून संपूर्ण रचना उभी करावी, अशी तिची अपेक्षा असते.

मराठी संगीतव्यवहारात ‘अरेंजर’ हा शब्द यंत्राच्या आधी माणसासाठी रूढ होता, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते. ‘संगीत संयोजक’ हा त्याचा मराठी पर्याय. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा, मराठी संगीतात अनिल मोहिले आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या संयोजकांनी चालीला वाद्यमेळाची बैठक दिली. कोणत्या कडव्यानंतर कोणते वाद्य यावे, ठेका कोठे थांबावा आणि कोठे उठावा, हे संयोजक त्या विशिष्ट गाण्याकडे पाहून ठरवीत असे. अरेंजर कीबोर्डने माणसाचे हे नाव घेतले. मात्र त्याचा निर्णय गाणे जन्माला येण्यापूर्वीच, दूरच्या कारखान्यात झालेला असतो. या एका फरकातून पुढील सर्व प्रश्न उद्भवतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अरेंजरची मुळे घरगुती इलेक्ट्रिक ऑर्गनमध्ये आहेत. अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने १९५९ मध्ये ‘साइडमन’ हे ताल देणारे यंत्र बाजारात आणले, ते ऑर्गनवादकाला घरबसल्या साथ मिळावी या गरजेतून. १९८० मध्ये कॅसिओटोन मालिका आली आणि लहान, स्वस्त कीबोर्ड मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात येऊ लागला. १९८३ मध्ये मिडी हा समान संकेत प्रस्थापित झाल्याने निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडता येऊ लागली. वर्कस्टेशनची कल्पना याच दशकात आकाराला आली. १९८८ मध्ये आलेल्या कोर्ग एम१ या वाद्यात नमुनानाद, परिणामयंत्रणा आणि आठ पदरांचा सीक्वेन्सर एकत्र होता. पुढील वर्कस्टेशनांचा तो आदर्श ठरला. कोर्ग ट्रायटन (१९९९), यामाहा मोटिफ (२००१) आणि कोर्ग क्रोनोस (२०११) हे त्या परंपरेतील पुढचे टप्पे होत.

तथापि या दोन प्रकारांतील सीमारेषा कधीच पक्की नव्हती. एम१ घडविणाऱ्या कोर्गनेच १९९३ मध्ये आय३ हा अरेंजर आणला आणि त्याला ‘इंटरॅक्टिव्ह म्युझिक वर्कस्टेशन’ असे नाव दिले. यामाहानेही आपल्या वरच्या श्रेणीतील अरेंजरांना ‘अरेंजर वर्कस्टेशन’ म्हटले. म्हणजे ज्याला आज द्वंद्व मानले जाते, ते उत्पादकांच्या दृष्टीने आरंभापासूनच मिश्र होते.

अलीकडील घडामोडींतून एक कल मात्र स्पष्ट दिसतो. यामाहाने २०१६ मध्ये मोटिफच्या जागी मोंटाज आणला, तेव्हा मोटिफमधील सविस्तर संपादनाचा सीक्वेन्सर त्यात राहिला नाही. ते काम संगणकाने करावे, हे गृहीत धरले गेले. रोलँडच्या २०१९ च्या फँटममध्येही संगणकीय संगीतप्रणालीशी जोडणीवर भर होता. दुसरीकडे यामाहा जेनोस (२०१७), कोर्ग पीए५एक्स (२०२२) आणि जेनोस२ (२०२३) अशी अरेंजरांची वरची श्रेणी चालू राहिली. वर्कस्टेशनचे सर्वस्वी स्वयंपूर्ण रूप संगणकात विरघळत गेले आणि ज्याला ‘खेळणे’ म्हणून हिणविले गेले, तो अरेंजर आपल्या मूळ कार्यासह टिकला. याचे कारण सरळ आहे. संगणक रचना करण्यास सोयीचा आहे. परंतु मंचावर एकट्या वादकाला क्षणात साथ पुरविणारे, हाताच्या इशाऱ्यावर चालणारे वाद्य म्हणून अरेंजरची जागा त्याने घेतलेली नाही.

मराठवाड्यातील मंच आणि दोन वाद्यांची विभागणी

छत्रपती संभाजीनगरच्या सांस्कृतिक जीवनात गायनाच्या मंचाला सामाजिक चळवळीचे अधिष्ठान आहे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे स्थापन केलेले मिलिंद महाविद्यालय, १९५८ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ आणि १४ जानेवारी १९९४ रोजी झालेला त्याचा नामविस्तार या घटनांनी शहराच्या स्मरणात गाण्याला विशेष स्थान दिले. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या लोककवींची रचनापरंपरा आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांचा ध्वनिमुद्रित वारसा येथील गायन पार्ट्यांच्या मागे उभा आहे. त्याच्याच बाजूला पैठणच्या नाथपरंपरेतील भारूड, तुळजापूरच्या भवानीची आराधी गीते, संबळाच्या साथीने होणारा गोंधळ आणि दर्ग्यांतील कव्वाली आहे. या सर्वांची साथ मूलतः ढोलकी, संबळ, दिमडी, हलगी, टाळ, मृदंग आणि पेटी यांची.

या मंचावर दोन्ही वाद्यप्रकारांची विभागणी किंमत वा प्रतिष्ठेपेक्षा साथीदारांच्या संख्येवरून झालेली दिसते. जेथे ढोलकीवादक आणि ऑक्टोपॅडवादक उपस्थित असतात, तेथे कीबोर्डवादकाला तयार तालाची गरज नसते. त्याला बासरी, शहनाई, व्हायोलिनसमूह, पेटी असे नाद हवे असतात. भारतीय मंचावर रोलँडच्या एक्सपीएस-१० सारख्या, स्टाइल नसलेल्या परंतु नाद भरून घेता येणाऱ्या हलक्या सिंथेसायझरला जी पसंती मिळाली, तिचे कारण यात आहे. याउलट एकटा गायक-वादक, शाळेतील संगीतशिक्षक किंवा गल्लीतील भजनी मंडळ यांना ताल देणारा माणूसच उपलब्ध नसतो. तेथे अरेंजर उपयोगी पडतो. सुपारीची रक्कम जेव्हा पाच वादकांत वाटण्याजोगी नसते, तेव्हा स्टाइलचे बटण हे आर्थिक निर्णयाचेही बटण असते. ढोलकीवादकाच्या उपजीविकेवर त्याचा परिणाम होतो, हे मान्य केल्यावाचून या वाद्याची समीक्षा प्रामाणिक ठरणार नाही.

रागाचा स्वर आणि यंत्राचा कॉर्ड

अरेंजरवरील पहिला गंभीर आक्षेप स्वराविषयीचा आहे. त्याची संपूर्ण रचना कॉर्डवर आधारलेली आहे, तर आपली चाल आधारस्वर आणि रागाचे चलन यांवर. मालकंसात ऋषभ आणि पंचम वर्ज्य आहेत. त्या रागावर आधारलेल्या भजनाला षड्जाचा मायनर कॉर्ड धरला, की यंत्र बासमध्ये आणि पूरक स्वरांत निःसंकोचपणे पंचम वाजविते. मध्यमाचा मायनर धरल्यास मध्यम, कोमल धैवत आणि षड्ज हे तिन्ही स्वर रागात बसतात. मालकंसात मध्यमाला महत्त्व असल्याने हा उपाय काही अंशी चालतोही. परंतु त्याने आधारस्वराचे आसन हलते. मारव्यात षड्जाचा मेजर धरला असता पंचम असाच अनाहूतपणे येतो. दुर्गा रागात गांधार नाही. तेथे तोच मेजर गांधार लादतो.

यावर जाणकार वादक एक मार्ग काढतात. यामाहाच्या पद्धतीत केवळ मूलस्वर आणि अष्टक, किंवा मूलस्वर आणि पंचम, एवढेच धरले तरी यंत्र त्याला मान्यता देते आणि गांधार टाळते. तानपुऱ्याच्या षड्ज-पंचमाशी हे धरणे जवळचे आहे. म्हणजे दोष पूर्णतः यंत्राचा नाही. यंत्राचा व्याकरणग्रंथ न वाचता ते वाजविण्याची सवयही त्याला कारणीभूत आहे.

श्रुतीचा प्रश्न याहून जुना आहे. पेटीच्या समविभाजित स्वरांविरुद्धचा वाद महाराष्ट्राला परिचित आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनी १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. दरम्यान गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांच्या परंपरेने पेटीला रंगभूमीवर आणि मैफलीत मान मिळवून दिला होता. समविभाजित शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तर तानपुऱ्यात ऐकू येणारा गांधार सुमारे ३८६ सेंटवर. हा १४ सेंटचा फरक आजच्या अनेक कीबोर्डांत ‘स्केल ट्यून’ या सोयीने भरून काढता येतो. जे देवलांना लाकूड आणि पितळेत साधावयाचे होते, त्यातील बरेचसे आज काही बटणांत सामावले आहे. मींड आणि आंदोलन मात्र स्थिर स्वरमांडणीने साधत नाहीत. तेथे पिच बेंडचा कुशल उपयोग करावा लागतो. या बाबतीत सिंथेसायझर-वर्कस्टेशनची बाजू वरचढ आहे, कारण स्वर वाकविण्याचे आणि बोटाच्या दाबाने तो बदलण्याचे अधिक मार्ग त्यात असतात.

लय : आज्ञाधारक कोण आणि हट्टी कोण?

दुसरा आक्षेप लयीचा आहे आणि तो अधिक मूलगामी आहे. ढोलकीवादक गायकाच्या श्वासाकडे पाहून वाजवितो. शब्दावर जोर देण्यासाठी गायक किंचित थांबला, तर तो थांबतो. शेवटच्या कडव्यात लय चढू लागली, की तो लग्गी धरतो. उठाण घेऊन समेवर येतो. स्टाइलची गती बटणाने वा पायपट्टीने बदलता येते. पण तो वादकाने यंत्राला दिलेला हुकूम असतो, गायकाने साथीदाराला दिलेला इशारा नव्हे. रूपकाच्या सात मात्रांची सम खालीवर येते. पाश्चात्त्य मापाच्या पहिल्या जोरकस ठोक्याशी त्याचा मेळ बसत नाही. ज्या ठेक्यांचा नमुना सहज उपलब्ध असतो, त्याच ठेक्यांकडे चाली झुकू लागतात आणि आठ मात्रांचा एकच झोकदार ठेका अभंगापासून भीमगीतापर्यंत सर्वत्र पसरतो. रसिकाला जाणवणारा ‘सगळी गाणी सारखीच वाटतात’ हा कंटाळा बहुतांशी येथून येतो.

तथापि याच कसोटीवर वर्कस्टेशनचे मूल्यमापन केले, तर एक विरोधाभास समोर येतो. वर्कस्टेशनमध्ये वा संगणकात आधी नोंदवून ठेवलेली साथ कितीही कसदार असली, तरी तिची लांबी ठरलेली असते. भीमगीताच्या किंवा कव्वालीच्या मंचावर श्रोते एखाद्या ओळीला दाद देतात, बक्षिसी येते, गायक तीच ओळ चार वेळा फिरवून म्हणतो, मध्येच शेर पेरतो. नोंदविलेला पट या वेळी पुढे निघून जातो. गायकालाच त्याच्यामागे धावावे लागते. अरेंजरची स्टाइल मात्र वादकाने पुढचे बटण दाबेपर्यंत त्याच आवर्तनात फिरत राहते आणि कॉर्ड बदलताच वळते. लयीत हट्टी असलेले हे यंत्र गाण्याच्या घाटाबाबत विलक्षण आज्ञाधारक आहे. याउलट घडविण्यात पूर्ण स्वातंत्र्य देणारे वर्कस्टेशन, नोंदविलेला पट वाजविताना पूर्ण ताठर बनते.

म्हणूनच ‘अरेंजर उथळ आणि वर्कस्टेशन सखोल’ हे रूढ समीकरण मान्य करता येत नाही. अरेंजरचे सामर्थ्य प्रत्यक्ष प्रयोगाच्या क्षणात आहे, वर्कस्टेशनचे सामर्थ्य प्रयोगाआधीच्या निर्मितीत. मौखिक परंपरेतून आलेल्या, श्रोत्यांच्या प्रतिसादावर वाढणाऱ्या आपल्या गायनप्रकारांना या दोन्ही गुणांची गरज आहे.

‘भारतीय’ या कप्प्याची मर्यादा

भारतीय बाजारपेठेचे महत्त्व ओळखून कंपन्यांनी खास आवृत्त्या काढल्या. यामाहाची पीएसआर-आय मालिका, कॅसिओच्या सीटी-एक्स मालिकेतील भारतीय आवृत्त्या ही त्याची उदाहरणे. तबला-तानपुऱ्याची रियाझासाठी सोय ही त्यांतील खरोखर उपयुक्त भर आहे. तबलजी न मिळणाऱ्या गावातील विद्यार्थ्याला तिचे मोल अधिक. २०१९ मध्ये यामाहाने चेन्नईजवळ कारखाना सुरू केल्याने उत्पादनाचे अंतरही कमी झाले.

परंतु निर्णयाचे अंतर त्याने कमी होतेच असे नाही. ‘भारतीय’ या एका कप्प्यात पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतचे ताल ठेवले, की प्रदेशाचे वेगळेपण राष्ट्राच्या नावाखाली झाकले जाते. लावणीची ढोलकी आणि भीमगीताची ढोलकी एक नव्हे. गोंधळाचा संबळ आणि आराधी गीतांची साथ एक नव्हे. ही सूक्ष्मता कारखान्याकडून अपेक्षिणे व्यवहार्य नाही. ती वादकानेच यंत्रात घालावी लागेल; आणि नेमकी तशी सोय, म्हणजे स्वतःची स्टाइल घडविण्याची व नाद भरण्याची सोय, स्वस्त अरेंजरांत बहुधा अपुरी आणि महाग अरेंजरांत व वर्कस्टेशनांत समृद्ध असते. भवितव्याचा खरा अडसर येथे आहे. ज्यांच्याजवळ वेगळे ठेके आहेत, त्यांच्याजवळ ते नोंदविण्याचे साधन नाही.

यातून आणखी एक नैतिक प्रश्न निर्माण होतो. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या नादसंचांत कोणाच्या तरी ढोलकीचे, कोणाच्या तरी हलगीचे बोल असतात. ते वाजविणाऱ्याचे नाव संचावर नसेल, त्याला मोबदलाही मिळाला नसेल, तर ज्या कलावंताची जागा यंत्राने घेतली, त्याच्याच हाताने ते यंत्र बोलते आहे, असे म्हणावे लागेल. लोककला ‘सर्वांची’ असते, या सबबीखाली प्रत्यक्ष वाजविणाऱ्याचा हक्क नाकारणे समर्थनीय नाही. शब्दांवरून अख्खे गाणे रचून देणाऱ्या संगणकप्रणाली गेल्या काही वर्षांत उपलब्ध झाल्याने हा प्रश्न अधिकच तातडीचा बनला आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, अरेंजर आणि वर्कस्टेशन यांच्यातील स्पर्धेचा निकाल ‘एक जिंकेल, दुसरा हरेल’ अशा स्वरूपाचा असणार नाही. वर्कस्टेशन हे स्वतंत्र, स्वयंपूर्ण यंत्र म्हणून क्षीण होत आहे. परंतु स्वतःची साथ स्वतः घडविण्याचे जे मूल्य त्याने रुजविले, ते क्षीण होऊ देणे परवडणारे नाही. अरेंजर हे यंत्र म्हणून टिकण्याची चिन्हे आहेत. परंतु तयार नमुन्यांवर विसंबण्याची जी सवय त्याने लावली, ती टिकणे हिताचे नाही. मराठवाड्यापुरते बोलावयाचे झाल्यास, अरेंजरच्या देहात वर्कस्टेशनची वृत्ती आणणे, हाच इष्ट मार्ग होय.

त्यासाठी विद्यापीठ आणि महाविद्यालयांतील संगीत व नाट्यशास्त्र विभागांनी पुढाकार घेणे आवश्यक आहे. ढोलकी, संबळ, दिमडी आणि हलगी वाजविणाऱ्या कलावंतांना पाचारण करून, त्यांना रीतसर मानधन देऊन, त्यांच्या नावासह येथील ठेके नोंदवावेत. विलंबित आणि चढी लय, उठाण, तोडे आणि समाप्ती यांसह त्यांचे नमुने तयार करावेत. गांधार न लादणारी षड्ज-पंचमावरील स्वरसाथ त्यांत योजावी आणि हे नमुने गावोगावच्या वादकांना खुले करावेत. कीबोर्ड शिकविणाऱ्या वर्गांतही स्टाइल निवडण्याबरोबर स्टाइल घडविण्याचे शिक्षण दिले जावे. असा नमुना ढोलकीवादकाची जागा भरून काढणार नाही आणि तसा दावाही करू नये. मात्र ज्या मंचावर तो येऊ शकत नाही, तेथे निदान त्याचा ठेका त्याच्या नावाने पोहोचेल. साथ कोणी करावयाची, हा निर्णय मंचावरील माणसांच्या हाती राहिला, तर यंत्र कोणतेही असो, गाणे येथलेच राहील.